नदीवर श्रमदानाला निघालात? या चुका टाळा (आमच्याकडून सगळ्या करून झाल्यात)

सांगलीचा कृष्णेवरचा आयर्विन पूल १९२९ सालचा. पावसाळ्यात अख्खं गाव पाण्याची पातळी याच पुलापाशी मोजतं. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. ते उतरल्यावर गल्ल्यांतला गाळ उपसायला जी पोरं आली, त्यातली दहा-बारा आजही रविवारी घाटावर येतात. आमचा गट तो एवढाच. त्याला ना नाव, ना बॅनर. एकाच्या जिन्याखाली आठ घमेली आणि चार दाताळी ठेवलेली असतात, तीच आमची मालमत्ता.

हल्ली वाई, कराड, भिलवडीकडून नव्या गटांचे फोन येतात. पहिला प्रश्न ठरलेला, "सामान काय काय घेऊ?" सामान कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. काय करू नये, ते मात्र आम्हाला नदीनंच शिकवलं, आणि तिची फी जबर आहे.

जलपर्णी उपसून काठावरच ढीग घालणं

बंधाऱ्यात बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, घातले की पाणी थोपतं आणि उन्हाळ्यात केंदाळ, म्हणजे हीच जलपर्णी, पसरायला लागतं. पहिल्या वर्षी आम्ही चाळीस जणांनी दोन रविवार खपून कमरेएवढा ढीग काठाला लावला. फोटो झकास आले. बुधवारी वरून पाणी सोडलं, ढीग अलगद उचलला गेला आणि थेट खालच्या बंधाऱ्याला जाऊन अडकला. तिथल्या एका कर्मचाऱ्याचा फोन आला, "तुमचं पार्सल पोचलं. परत पाठवू का?"

जलपर्णीत शंभरातले नव्वदच्या वर भाग पाणीच असतं. ओलीच ट्रॉलीत भरली, तर डिझेल जाळून पाणीच वाहून न्यायचं. म्हणून आता आम्ही ती आधी चढावर नेतो, पाणी वाढलं तरी पोचणार नाही अशा जागी पातळ पसरतो आणि चार-सहा दिवस वाळू देतो. मग तीन ट्रॉल्यांचा माल एका ट्रॉलीत मावतो. काढताना मुळासकट ओढायची. कोयत्यानं सपासप तोडली, तर एकेक तुकडा नवं रोप होऊन पुढच्या गावाला लागतो. काम सुरू करण्याआधी खालच्या अंगाला बांबू आणि दोर बांधून आडवा अडसर करून घ्या, म्हणजे निसटलेली तिथंच अडते. आणि जांभळी फुलं यायच्या आत काढा. तिचं बी गाळात पंधरा-वीस वर्षंही जिवंत राहू शकतं.

आमच्यातल्या एका ऊसवाल्यानं तोडगा काढला होता, "तणनाशक माझ्याकडं पडून आहे, पंपानं मारून टाकू." त्याला हात जोडले. मेलेली जलपर्णी जागच्या जागी बुडून सडते, सडताना पाण्यातला प्राणवायू ओढून घेते आणि मासे मरतात. शिवाय तेच पाणी खाली कुणाच्या तरी नळाला जातं.

आता नेहमीची तक्रार. काढली तरी महिन्याभरात पुन्हा तेवढीच का? कारण ऊन आणि खाद्य मिळालं, तर ती साधारण दोन आठवड्यांत दुप्पट होते. खाद्य येतं सांडपाण्यातून आणि शेतातून वाहून आलेल्या खतातून. काठानं वरच्या अंगाला चालत जा. पानं जिथं सगळ्यात गर्द आणि मांसल दिसतील, त्याच्या आसपास एखादा नाला नदीला मिळत असतो. शहराचं सांडपाणी कृष्णेत आणणारा शेरीनाला सांगलीकराला समजावून सांगावा लागत नाही. त्या तोंडाचा दर महिन्याला, एकाच जागी उभं राहून, तारखेसह एक फोटो काढा. दहा रविवारांच्या उपशापेक्षा अर्जाला जोडलेले असे बारा फोटो जास्त काम करतात, असा माझा अनुभव आहे.

उन्हाळ्यात उघड्या पडलेल्या काठावर फावडी चालवणं

भिलवडी, औदुंबर ते सांगली या पट्ट्यात मगरी आहेत, हे इथलं शेंबडं पोरही सांगेल. तरी मार्च-एप्रिलमध्ये पाणी खाली गेलं की काठाची मोकळी माती बघून सगळ्यांना सफाईची हुक्की येते. आम्हालाही आली होती. पिशव्या घेऊन एका दरडीकडं निघालो, तर होडी बांधत असलेले एक आबा म्हणाले, "तिकडं नगा जाऊ पोरांनो. म्हातारी बसलीया."

आम्हाला वाटलं, कुणी आजी धुणं धूत असतील. "आम्ही त्यांना त्रास देणार नाही आबा," आमच्यातली एक मुलगी म्हणाली. आबा हसले आणि त्यांनी बोटानं दाखवलं. ओल्या मातीत पोट घासत गेल्याची रुंद पन्हळ उमटली होती, दोन्ही बाजूंना पंजे, मधोमध शेपटीची रेघ. ती पन्हळ पाण्यातून निघून वर उकरलेल्या मातीपर्यंत गेली होती. माणूस कामात असला, तर पायाखालचंसुद्धा बघत नाही.

मगरीची मादी साधारण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये काठाच्या वाळूत किंवा मातीत खड्डा करून अंडी घालते. दोन महिन्यांनी, पावसाळ्याच्या तोंडावर पिल्लं निघतात. तोवर ती आसपासच असते आणि तिचा स्वभाव या दिवसांत तापट असतो. म्हणून या पट्ट्यातली काठाची कामं आम्ही हिवाळ्यातच उरकतो. उन्हाळ्यात घाटाच्या पायऱ्या आणि वरचा रस्ता, बस्स. पहाटे आणि तिन्हीसांजेला पाण्याकडं वाकून हात-पाय, घमेली धुणं बंद. कोंबडीच्या दुकानाचं टाकाऊ पोतं नदीत किंवा काठावर पडत असेल, तर आधी ते थांबवा. त्या पोत्यानंच मगर माणसाच्या वहिवाटीच्या जागी येते.

मगर दिसली तर दगड मारणं, व्हिडिओसाठी जवळ जाणं, "पकडून दुसरीकडं सोडा" म्हणून आरडाओरडा करणं, यातलं काहीच नको. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात तिला पहिल्या अनुसूचीचं संरक्षण आहे. वन विभागाचा १९२६ हा क्रमांक मोबाईलमध्ये असू द्या.

झाडी तोडून झाडं लावणं

काठावरची झुडपं, लव्हाळा, शेरणी "घाण" म्हणून काढायची, जागा चकाचक करायची आणि मग तिथंच पाच जूनला गुलमोहर लावायचा. हा प्रकार मी इतक्या ठिकाणी बघितलाय की हसायचंही सोडलंय. पूर ओसरताना काळी माती पाण्यानं जड झालेली असते आणि दरड बसते. त्या वेळी माती धरून ठेवणारं काही असेल, तर ते हेच झुडुप, ज्याला आपण कचरा समजलो.

आमच्याही नावावर साठ रोपं आहेत. बांबूचे पिंजरे, प्रत्येकावर देणगीदाराची पत्र्याची पाटी. ऑगस्टमध्ये सगळं पाण्याखाली. रोपं गेलीच, पिंजरे वाहून कुठंतरी अडकले, आणि डिसेंबरात एक पाटी काठावरच्या वाळूत सापडली. "कै. आजोबांच्या स्मरणार्थ". ती त्या घरी परत नेऊन देताना जी मान खाली गेली, ती अजून आठवते.

खड्डा घेण्याआधी पूररेषा कुठून जाते ते विचारा. निळी रेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तांबडी शंभर वर्षांतल्या पुराची. निळ्या रेषेच्या आत शोभेचं काही लावूच नका. पाण्यालगत वाळुंज, थोडं वर उंबर, करंज, जांभूळ, अर्जुन. ही मंडळी मुळं बुडाली तरी तग धरतात. आणि लावायची वेळ जून नव्हे. पूर ओसरल्यावर, सप्टेंबर-अखेर ते ऑक्टोबर. त्यात एक अडचण आहे, ती लपवत नाही. मग पुढचे सात-आठ महिने पाणी घालायला माणूस लागतो. माणूस नसेल तर रोपंही कमी लावा. आमची नंतरची अकरा लावली, सात जगली.

पाणी तपासायचं, पण कसंही

शाळा-कॉलेजांचे गट किट घेऊन येतात. उत्साह दांडगा, पण थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत काठाचं पाणी अर्धं भरायचं, पिशवीत टाकायचं, दुपारी घरी जाऊन तपासायचं आणि संध्याकाळी "नदी एकदम ठणठणीत" असा निकाल ग्रुपवर! विरघळलेला प्राणवायू असा मोजता येत नाही. बाटलीतल्या हवेतून तो पाण्यात मिसळतो. बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची, आत एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही, आणि शक्य तर चाचणी तिथंच करायची.

वेळही महत्त्वाची. उन्हात शेवाळ प्राणवायू सोडतं, म्हणून दुपारचा आकडा गोड येतो. रात्रभर शेवाळ, मासे सगळे मिळून तो वापरतात, म्हणून खरी परीक्षा पहाटेची. आंघोळीच्या पाण्याच्या निकषात लिटरमागे ५ मिलिग्रॅम प्राणवायू धरतात. दुपारी ७ आणि पहाटे ३ असेल, तर नदी आजारी आहे. मगरीच्या पट्ट्यात पहाटेचा नमुना पुलावरून दोरीला बादली बांधून घ्या. त्या पाण्यात बाटली हळूच बुडवून भरायची, वरून ओतायची नाही. आकड्यात थोडा फरक पडेल, चालेल.

मेलेले मासे तरंगताना दिसले तर? लगेच गोळा करायला धावू नका. आधी वेळ आणि जागा लिहा, फोटो काढा. वरच्या अंगाला चालत जाऊन मासे कुठून मरायला लागलेत ती हद्द शोधा. तिथलं आणि तिच्याही वरचं, असं दोन ठिकाणचं पाणी स्वच्छ बाटल्यांत भरून बर्फात ठेवा आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाला त्याच दिवशी कळवा. काही तासांत पाणी पुढं निघून जातं आणि मग सगळेच "आमच्याकडून नाही" म्हणायला मोकळे. आणि ते मासे कुणी घरी नेत असेल, तर त्याला अडवा.

नदीला "भेट" देणं

वाढदिवसाला मासे सोडणारे, डास मारायला गप्पी सोडणारे, फिशटँकमधलं मोठं झालेलं लाल कानाचं कासव "मुक्त" करणारे, सगळ्यांचं मन चांगलं. पण चिलापी आणि आफ्रिकन मांगूर नदीत इथल्या माशांच्या जिवावर उठतात. मांगुराच्या पाळण्यावर तर बंदीच आहे. बाजारातला प्राणी नदीत सोडायचा नाही. विषय संपला.

घाट रंगवणं

हे वाई-मेणवलीकडच्या मित्रांसाठी. काळ्या दगडाचा घाट ॲसिडनं घासला की दोन दिवस चमकतो, मग सांध्यातला चुना सुटायला लागतो. ऑइलपेंटनं पायऱ्या रंगवल्या की दगडातली ओल आत कोंडते, शिवाय पावसात पाय घसरतो तो वेगळाच. साधं पाणी, नारळाच्या काथ्याचा किंवा शिंदीचा ब्रश, लाकडी पट्टी. सांध्यात उगवलेलं पिंपळाचं रोप हिसडा देऊन उपटू नका, सोबत दगड येतो. पुरातत्त्व खात्याच्या किंवा देवस्थानच्या ताब्यातली वास्तू असेल, तर झाडू मारण्यापलीकडं काही करण्याआधी लेखी परवानगी घ्या.

पाणी आज कमी आहे, म्हणून उतरणं

आपल्या नद्यांचं पाणी आभाळापेक्षा धरणांच्या हातात जास्त आहे. धोम, कण्हेर, कोयना, वारणा. इथं कडक ऊन असताना वरून विसर्ग वाढू शकतो, आणि तो पोचायला काही तास लागतात. उतरण्याआधी पाटबंधारे खात्यात एक फोन करा, काठाला एक काठी रोवून ठेवा आणि एक माणूस फक्त त्या काठीकडं बघायला ठेवा. बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला वरून शांत दिसणारं पाणी आत भोवऱ्यासारखं ओढतं. तिथं पट्टीचा पोहणाराही नको.

पुरात मदतीला जाताना होडीत किती माणसं बसवायची, हे होडीवाला ठरवणार, गर्दी नाही. येरळा जिथं कृष्णेला मिळते त्या ब्रह्मनाळला २०१९ च्या पुरात बोट उलटली, त्याबद्दल इथं अधिक लिहायची गरज नाही. लाइफ जॅकेट नसेल, तर काठावर राहून जेवणाची पाकिटं बांधा. तेही कामच आहे.

आणि माणसं टिकत नाहीत त्याचं काय?

कारण दर रविवारी कचराच उचलायचा. तीन महिन्यांत पंचेचाळीस जणांचे नऊ होतात, आमचे झाले. मग महिन्यातला एक रविवार नुसता नदीवर जायला ठेवला. हरिपूरपर्यंत चालत जायचं, कृष्णा-वारणेच्या संगमावर बसायचं, खंड्या आणि पाणकावळे मोजायचे, एखाद्या जुन्या नावाड्याला काहिलीतून, म्हणजे गुळाच्या मोठ्या कढईतून, नदी ओलांडायच्या गोष्टी विचारायच्या. त्या रविवारी पिशवी न्यायची नाही, असा नियम आहे. कुणीतरी मोडतंच.

फक्त खाण्याचं बघा. पहिल्या सहलीत आम्ही प्रत्येकाला भडंगाची वेगळी पुडी वाटली होती, सोबत पाण्याच्या छोट्या बाटल्या. निघताना मोजलं, तर एकोणीस जणांनी अडतीस प्लॅस्टिक केलं होतं. आता पत्र्याच्या डब्यातून भडंग येतं, कांदा तिथंच चिरतो, आणि ज्याने वाटी आणली नाही त्याने ओंजळ पुढं करायची.