सूर्य बुडाला की निघू नका: मुंबईत संध्याकाळचं आकाश कसं पाहावं

सूर्याचं बिंब क्षितिजाला टेकल्यापासून पूर्ण बुडायला मुंबईत जेमतेम अडीच मिनिटं लागतात. तेवढं झालं की चौपाटीवरची गर्दी उठते. खरं आकाश त्यानंतर रंगतं आणि ते वीसेक मिनिटं टिकतं. दिवसभर स्क्रीनकडे पाहून शिणलेल्या डोळ्यांसाठी एवढा वेळ काढायचा आहे.

आधी वेळ माहीत करून घ्या. नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, जुलैच्या सुरुवातीला सव्वासातनंतर. म्हणजे हिवाळ्यात ऑफिस सुटेपर्यंत सगळं संपलेलं असतं. त्या दिवसांत संध्याकाळचा चहा सहाला घ्या आणि कप घेऊन गच्चीवर किंवा निदान पश्चिमेच्या खिडकीशी जा.

मग जागा. समुद्रच हवा असं नाही. चर्चगेटहून लोकलने निघालात तर डावीकडच्या खिडकीतून मरीन लाइन्स ते चर्नी रोड या टप्प्यात आकाश दिसतं. विरारकडे जाणाऱ्यांना पुढे भाईंदरची खाडी आहे, हार्बरवाल्यांना वाशीचा पूल. खिडकी नाही मिळाली तर उतरल्यावर स्टेशनच्या पुलावर कडेला पाच मिनिटं थांबा. मरीन ड्राइव्हला जाणार असाल तर एक लक्षात ठेवा: मरीन लाइन्ससमोरून पाहिलं तर जूनमध्ये सूर्य मलबार हिलच्या मागे जातो, डिसेंबरात मात्र तो दक्षिणेकडे सरकून थेट पाण्यात उतरतो. मला डिसेंबरचा जास्त आवडतो.

बिंब वर असताना त्याच्याकडे टक लावू नका, डोळ्यांना इजा होते. त्यापेक्षा ढग पाहा. अगदी उंचावरचे, पिंजलेल्या कापसासारखे ढग असतील तर थांबाच. सूर्य आपल्याला दिसेनासा झाला तरी त्या उंचीवर त्याचे किरण पोहोचत असतात. मावळतीचा प्रकाश हवेच्या लांबलचक थरातून येतो, वाटेत निळा रंग विखरून जातो आणि तांबडा, केशरी तेवढा उरतो. पावसाने उघडीप दिलेल्या संध्याकाळी हवा धुतलेली असते. तेव्हाचे रंग थंडीतल्या धुरकट दिवसांत मिळत नाहीत.

आता पाठ फिरवा. ही पायरी जवळजवळ सगळेच चुकवतात. पूर्वेला, इमारतींच्या वर, आधी एक निळसर राखाडी पट्टा दिसेल आणि त्याच्यावर फिकट गुलाबी. तो राखाडी पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली. आपण ज्या जमिनीवर उभे आहोत तिचीच सावली हवेत पडलेली असते. ती बघता बघता वर चढते आणि गुलाबी विरून जातो. हे कळल्यापासून मी आधी पूर्वेकडे पाहते.

फोटो काढायचा तर एकच काढा आणि फोन खिशात टाका. किंवा त्या फोनवरून घरी बोला. माझी आई मुलुंडला राहते, तिची गॅलरी पूर्वेला उघडते. दिवा लावून झाला की ती बाहेर येते. मी लोअर परळच्या पुलावरून तिला केशरी कुठवर पोहोचलं ते सांगते, आणि ती सांगते, "अगं, इकडचा गुलाबी गेला बघ आत्ताच."