रोपवाटिकेतली भूतप्रेमकथा लिहिताय? या चुका टाळा

रोपवाटिका म्हणजे बाग नव्हे. हा फरक निसटला की कादंबरी लवकरच सैल पडते. बागेतलं झाड जिथे लावलं तिथेच म्हातारं होतं. रोपवाटिकेतलं रोप मात्र जाण्यासाठीच वाढवलेलं असतं. भूत एका जागी अडकलेलं आणि भोवतीचं सगळं निघून जाणारं, यातच केवढा ताण आहे! तरी कित्येक मसुद्यांत एकही गिऱ्हाईक फाटकातून आत येत नाही. कथा अडली असेल तर एवढंच तपासा: भुताचा जीव ज्या कुंडीत अडकलाय, ती कुंडी उद्या कुणी विकत मागितली तर? यावर रोपवाटिका चालवणाऱ्या घरात काहीच घडत नसेल, तर भूत अजून कथेत शिरलेलंच नाही.

दुसरी चूक भुताला नियम नसण्याची. एका प्रकरणात तो भिंतीतून आरपार जातो, पुढच्यात नायिकेचा हात धरतो. वाचक भुतावर विश्वास ठेवायला तयार असतो, लहरीपणावर नाही. नियम बाहेरून आणू नका, तिथल्या कामातूनच काढा. समजा, माती ओली असेपर्यंतच तो दिसतो. मग झारी हातात घेणं हेच तिचं प्रेमपत्र. पण मुळांनाही हवा लागते. सतत चिखलात राहिली की ती गुदमरतात, कुजतात. म्हणजे त्याला जास्त वेळ भेटायचं तर रोपं मरणार, आणि त्या रोपांवरच घर चालतं. आता खलनायकाची गरजच उरली नाही. नायिकेची आई पिवळी पडलेली पानं पाहते, काही बोलत नाही, फक्त झारी उचलून उंच फळीवर ठेवते. तिला कळलंय का, हे इतक्यात सांगू नका.

तपशिलाच्या चुका लहान वाटतात, पण त्याच वाचकाचा विश्वास घालवतात. रातराणी भर दुपारी दरवळत नाही. कलम बांधलं आणि सकाळी फूल आलं, असंही होत नाही. गुलाबाचा डोळा, म्हणजे पानाच्या बगलेतला कोंब, भरताना खुंटाच्या (ज्यावर कलम करायचं त्या रोपाच्या) सालीवर इंग्रजी ‘टी’सारखा छेद घेतात, साल हलकेच उचलून डोळा आत सरकवतात आणि तो उघडा ठेवून वर-खाली पट्टी गुंडाळतात. डोळ्याखाली पानाचा तोडलेला देठ मुद्दाम ठेवलेला असतो. दोन-तीन आठवड्यांनी त्या देठाला बोट लावायचं. सहज गळून पडला तर डोळा जगला; सुकून चिकटून राहिला तर मेला. जो सोडतो तो जिवंत आणि जो चिकटून राहतो तो मेलेला, हे भूतकथा लिहिणाऱ्याला आयतं मिळालेलं आहे. शिवाय आपल्या भाषेत ‘डोळा लागला’ म्हणजे झोपही आली. नायिकेचा डोळा लागलेला असताना खुंटावरचा डोळा लागू द्या, आणि ते शब्दांत समजावू नका.

भूतकाळ एकदम ओतणं ही आणखी एक चूक. जुनी डायरी सापडते आणि वीस पानं वर्तमान थांबतो. त्यापेक्षा बी सापडू दे. विल्यम बील या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने 1879 मध्ये बियांच्या वीस बाटल्या जमिनीत पुरल्या. पुढच्या पिढ्यांतले संशोधक ठरावीक वर्षांनी एकेक बाटली उकरतात. 2021 मध्येही त्यातलं काही बी रुजलं. बियांना उजेड लागू नये म्हणून ते खणायला अंधारात जातात. अंधारात कुदळ, हातात जुना नकाशा, पूर्वजाने सोपवलेलं काम: असं दृश्य तुमच्या कथेतल्या कुटुंबालाही शोभेल.

घरच्यांना केवळ अडथळा करू नका, एवढं पुरे.

शेवटी बहुतेक भुतं प्रकाशात विरघळतात. तो शेवट उरकल्यासारखा वाटतो, कारण निरोपाला वेळच दिलेला नसतो. सावलीत वाढलेलं रोप एकदम उन्हात ठेवलं तर पानं करपतात. म्हणून आठ-दहा दिवस रोज थोडं जास्त ऊन, थोडं कमी पाणी देतात. ते दिवस एकेक करून लिहा. पहिल्या दिवशी तो तासभर दिसतो. चौथ्या दिवशी फक्त आवाज. शेवटच्या सकाळी ती कोरड्या मातीत बोट खुपसून बघते आणि कुंडी गाडीत चढवते.