लंबकाच्या प्रॅक्टिकलमध्ये तत्त्वज्ञान कसं शिकवावं

विज्ञान असताना तत्त्वज्ञान कशाला, यावर मुलांना भाषण देऊ नका. मी अकरावीला फिजिक्स शिकवते. मला साधा लंबक पुरतो.

g, म्हणजे गुरुत्वीय त्वरण, काढायला सांगा; यायला हवं 9.8 च्या आसपास. कुणाचं तरी उत्तर 9.2 येतंच. जर्नलात उतरवण्याआधी विचारा, “मग न्यूटन चुकला का?” वर्ग हसतो. हसू द्या, पण सोडू नका. दोष कुणाचा, ते फळ्यावर लिहून घ्या: लांबी गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजली नाही, स्टॉपवॉच उशिरा थांबवलं, एक आंदोलन मोजायचं राहिलं. यादीत न्यूटन नसतो. का नाही, ते विचारा आणि गप्प बसा. (शिक्षकाला हेच सगळ्यात जड जातं.) “पुस्तकात दिलंय” हे उत्तर चालवून घेऊ नका.

मग ल व्हेरिए सांगा, आणि सावकाश सांगा. युरेनस गणिताप्रमाणे चालत नव्हता. या फ्रेंच गणितीने न्यूटनच्या गुरुत्वाकर्षणाच्या नियमाला हात न लावता पलीकडे एक न दिसलेला ग्रह मानला. 23 सप्टेंबर 1846 च्या रात्री बर्लिनला खगोलशास्त्रज्ञ गाले यांना नेपच्यून दिसला, सांगितलेल्या जागेपासून अंशभराच्या आत. पुढे बुधाची कक्षाही हिशेबापेक्षा जरा जास्त सरकताना आढळली. 1859 मध्ये ल व्हेरिए यांनी तीच युक्ती वापरली: सूर्याजवळ आणखी काहीतरी असणार. त्या ग्रहाला व्हल्कन हे नावही मिळालं, पण तो सापडलाच नाही. 1915 मध्ये आइनस्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांतच बदलला, तेव्हा शतकाला 43 विकलांचा (विकला म्हणजे अंशाचा 3600 वा भाग) तो फरक जुळला.

आता वर्गाला 1860 मध्ये बसवा. ग्रह शोधत राहायचं की नियम सोडायचा, हे तेव्हा कशावरून ठरवाल? “म्हणजे सगळं मानण्यावरच!” असं कुणी म्हणालं, तर त्याला विचारा, मग नेपच्यून दिसला कसा?

वेळ उरला तर डार्क मॅटर घ्या. दीर्घिकांच्या कडेचे तारे अपेक्षेपेक्षा वेगाने फिरतात. बहुतेक जण न दिसणारं द्रव्य मानतात, तर भौतिकशास्त्रज्ञ मिलग्रोम यांनी 1983 मध्ये नियमच बदलून पाहिला. मी द्रव्याच्या बाजूची, कारण पुरावे अनेक दिशांनी येतात. पण ते तसे यायला हवेत, हा निकष कुठल्या उपकरणाने मोजला, असं एखादी मुलगी विचारेल. तिला बोलू द्या.

पिअर ड्यूएमचं नाव पुढच्या तासाला काढा. हा स्वतः भौतिकशास्त्रज्ञ. प्रयोगात एकटं गृहीतक कधी तपासलं जात नाही, सगळा जुडगा तपासला जातो, हे त्याने 1906 मध्येच मांडलं होतं. नाव आधी सांगितलंत, तर मुलं तेवढंच पाठ करतात.