थंडी मोजणारा मफलर: ओट्यावर बसा, विणा आणि पाखरं बघा

आपल्याकडची थंडी म्हंजे सकाळी 11-12 डिग्री आणि दुपारी परत 30, त्यामुळे फुल स्वेटरच्या भानगडीत पडूच नका, पूर्ण होईस्तोवर होळी येते. मफलर घ्या विणायला. आणि तोही थंडी मोजणारा, म्हंजे रोज पहाटेचा पारा बघायचा आणि त्याप्रमाणे त्या रंगाच्या लोकरीने थोडं विणायचं, फेब्रुवारीत अख्खा हिवाळा गळ्यात.

सामान फार नाही. एक साधा थर्मामीटर, तो ओट्यावर सावलीत टांगा, पत्र्याला चिकटून नको. 8 नंबरच्या सुया, म्हंजे 4 मिमीच्या. आपल्याकडच्या नंबरात आकडा वाढला की सुई बारीक होते, त्यामुळे मोठा नंबर म्हणून 12 ची उचलून आणू नका. लोकर मध्यम जाडीची, ॲक्रेलिक चालते, चार रंगांत. 10 च्या खाली गडद निळा, 10 ते 12 आकाशी, 13 ते 15 पोपटी आणि त्याच्या वर पिवळा. पारा सूर्य उगवायच्या सुमारास सगळ्यात खाली असतो, तेव्हाच बघा. ढगाळ आलं की बघा कसं होतं, जमिनीची ऊब ढग रात्री वर जाऊ देत नाहीत, पारा उतरतच नाही आणि मधेच पिवळा पट्टा येतो. आंबेवाले तेव्हा मोहोराच्या काळजीत आणि आपण रंग बदलतोय, असो.

40 टाके घाला, सातेक इंच रुंदी येते. सगळ्या ओळी सुलट, रोज 6 ओळी, बास. 15 नोव्हेंबर ते 15 फेब्रुवारी असं धरलं तर साधारण साडेचार फूट होतो. जाळी, वेण्या, नक्षी सगळं विसरा, कारण सुलट-सुलटला खाली बघावं लागत नाही, बोटांना कळतं आणि नजर मोकळी राहते, हाच तर मुद्दा आहे! ओळी सम आकड्यात असल्या की रंग नेहमी एकाच कडेला बदलतो, तोडताना सहा इंच दोरा सोडा, टोकं नंतर सुईने आत ओवता येतात.

आता बसायचं कुठं. ऊन पाठीवर घेऊन बसा, म्हंजे समोरचं पाखरू उजेडात दिसतं, नाहीतर नुसती काळी आकृती. कपडे मळखाऊ रंगाचे, आणि रोज एकाच जागी बसा. माणूस एका जागी हातच हलवतोय म्हटल्यावर पाखरं थोड्या दिवसात तुम्हाला मोजत नाहीत. उथळ परळात दोन बोटं पाणी ठेवा, रोज बदला.

सरपणाच्या ढिगावर लक्ष ठेवा, तिथं थिरथिऱ्या येतो. चिमणीएवढा, नर वरून काळा, पोट तांबूस-नारिंगी, बसला की पुढे वाकतो आणि शेपटी अशी थरथरवतो की अंगात हीव भरलंय वाटावं. हा पाहुणा, हिवाळ्यापुरता उत्तरेकडून येतो आणि आपला ढीग आणि आपली भिंत धरून बसतो, त्यामुळे ओळखायला सोपा, दुर्बिणीची गरज नाही. ओलसर जागेत शेपूट खालीवर करत पळतो तो धोबी. वेडे राघू सकाळी तारेवर पिसं फुलवून ऊन खात बसतात. शेजारी ज्वारी असेल तर भोरड्यांचे थवेच्या थवे, राखणदाराची गोफण सुटली की एकदम वळतात, तेव्हा विणणं आपोआप थांबतं, थांबू दे. सुया खाली ठेवायच्या तर मात्र ओळ पूर्ण करूनच ठेवा, अर्ध्यात सोडली की टाका सुटू शकतो.

एक काम करू नका. उरलेल्या लोकरीचे तुकडे घरट्यासाठी म्हणून झाडाला लटकवतात लोक. ॲक्रेलिकचा दोरा पिल्लांच्या पायात अडकला की तुटत नाही, पाय जातो. तुकडे डब्यात, नाहीतर उशीत भरा.

शेवटी टाके सैल हाताने बंद करा, घट्ट केले तर कड आखडते. धुवायचा गार पाण्यात, वाळवायचा सपाट, आणि इस्त्री अजिबात नको, ॲक्रेलिक इस्त्रीने लोळागोळा होतं ते परत उभं राहत नाही.