पेट्रोलचा काटा खोटं बोलतोय? मीटर बदलायच्या आधी या चुका टाळा

चार वर्षांपूर्वी मी भर दुपारी एका पंपावर भांडण उकरून काढलं होतं, त्याची लाज अजून वाटते. बाबांची 1998 ची कार्बोरेटरवाली छोटी गाडी, टाकी 28 लिटरची, फुल्ल करून घेतली आणि बघतो तर काटा अर्ध्यावर. मी लगेच त्या पोराला म्हणालो, काय रे, मापात पाप करता काय? तो काही बोलला नाही, आत जाऊन 5 लिटरचं माप घेऊन आला (हे माप पंपावर ठेवावंच लागतं, गिऱ्हाइकाने मागितलं की मोजून दाखवावं लागतं), त्यात पेट्रोल सोडलं आणि ते बरोब्बर रेघेवर येऊन थांबलं. मागे पाच-सहा गाड्या उभ्या, सगळे माझ्याकडे बघतायत. गुपचूप निघालो.

तिथून पुढे आम्ही ज्या चुका केल्या त्या एकातून एक निघत गेल्या, म्हणून त्याच क्रमाने सांगतो.

पहिली चूक म्हणजे थेट मीटर बदलणं. गॅरेजवाला म्हणाला, साहेब मीटर गेलाय, जुना मिळतो, टाकून देऊ. टाकला. काटा परत अर्ध्यावरच. आता कळतं की मीटर बहुतेक वेळा ठणठणीत असतो, कारण तो डॅशबोर्डमध्ये कोरड्या जागी बसलेला असतो, आणि सगळे हाल होतात ते टाकीच्या टोकाला. तिथे चिखल, पाणी, गंज, पेट्रोलचा चिकटा, सगळं आहे. टाकीत एक फ्लोट तरंगतो, त्याची दांडी वर-खाली होते, दांडीचं टोक एका रेझिस्टन्सच्या पट्टीवर सरकतं, आणि त्या रेझिस्टन्सवरून मीटरला कळतं किती पेट्रोल आहे. या अख्ख्या तुकड्याला गॅरेजमध्ये टँक युनिट म्हणतात नाहीतर नुसतंच फ्लोट.

आता यातली गोम अशी की करंट मीटरकडून येतो, युनिटमधून जातो आणि बॉडीला, म्हणजे अर्थला मिळतो. जपानी पद्धतीच्या गाड्यांत साधारण टाकी फुल्ल असताना युनिट 3-4 ओहम (रेझिस्टन्स ओहममध्ये मोजतात) दाखवतं आणि रिकामी असताना 110-120 च्या घरात. मग अर्थची तार जिथे बोल्टने बॉडीला बसवलीय तिथे गंज चढला आणि त्या गंजाने स्वतःचे 30 ओहम त्यात घातले तर मीटर बिचारा काय समजणार, टाकी अर्धीच आहे! आमचं नेमकं हेच झालं होतं. कोकणातल्या गाड्यांना तर ही कटकट खाऱ्या हवेमुळे ठरलेलीच.

पण तेव्हा हे कुणाला माहीत. मीटर बदलून उपयोग झाला नाही म्हटल्यावर गॅरेजवाल्याने युनिट बाहेर काढलं आणि फ्लोटची दांडी पकडीने वाकवली. काटा वर आला, आम्ही खूश, बाबांनी वर त्याला चहा पाजला. ही दुसरी चूक, आणि माझ्या मते सगळ्यात वाईट. दुखणं एकीकडे आणि पट्टी दुसरीकडे. कारण पुढे सहा महिन्यांनी मी स्वतः गाडीखाली शिरून मागची एक काळी तार गंजलेली दिसली म्हणून बोल्ट खोलला, सँडपेपरने घासला, परत आवळला. अर्थ झाला एकदम झकास. आणि वाकवलेली दांडी तशीच! आता काटा खरा आकडा सोडून जास्त दाखवायला लागला, आणि फ्लोट टाकीच्या तळाला टेकला तरी दांडी एम्प्टीपर्यंत पोचायचीच नाही. पुण्याहून साताऱ्याला जाताना खंबाटकी घाटात, चढावर, काटा पाव टाकी दाखवत असताना गाडी दोन गचके देऊन बंद पडली. मेहुणा एका बाइकवाल्याच्या मागे बसून खाली खंडाळ्याला (साताऱ्याकडचं, लोणावळ्याचं नव्हे) गेला आणि दीड तासाने परत आला. तो दीड तास बायको माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

त्यामुळे दांडी वाकवायच्या आधी, मीटर घ्यायच्या आधी, काहीही विकत आणायच्या आधी एक साधी टेस्ट करा. गाडी उघड्यावर आणि सपाट जागेवर लावा, उतारावर उभ्या गाडीचा काटा बघून काही ठरवू नका. इग्निशन बंद करून टँक युनिटचा कनेक्टर सोडवा. तो काही गाड्यांत मागची सीट उचलली की मिळतो, काहींत डिकीच्या गालिच्याखाली, आणि नशीब फुटकं असेल तर गाडीखाली झोपावं लागतं. टाकी अजिबात उघडायची नाहीये, फक्त बाहेरचा कनेक्टर. मग मीटरकडून येणारी तार आणि बॉडीचा चांगला घासलेला भाग यांच्यामध्ये 12 व्होल्टचा 3-4 वॅटचा छोटा बल्ब जोडा आणि जोडून झाल्यावरच इग्निशन ऑन करा. जपानी पद्धतीच्या गाडीत काटा वर चढायला हवा, परत इग्निशन बंद करून बल्ब काढला आणि पुन्हा ऑन केलं की खाली एम्प्टीला यायला हवा. असं झालं तर मीटर आणि तार दोन्ही चांगले, रोग टाकीकडे. काही गाड्यांत हे उलटं असतं, तेव्हा आधी आपल्या गाडीचं मॅन्युअल बघा. बरेच जण बल्ब न लावता तार थेट बॉडीला टेकवून ठेवतात, त्याने मीटरची कॉइल तापून जाऊ शकते, आणि मग चांगला मीटर खरोखरच जातो.

काटा कायम फुल्लवर अडकलेला असेल तर (याच पद्धतीच्या गाडीत) तार कुठेतरी सोलून बॉडीला लागतेय का बघा, कायम एम्प्टीवर असेल तर तार तुटलीय, अर्थ गेलाय किंवा फ्लोट बुडालाय. युनिट बाहेर काढलंत तर पितळी फ्लोट कानाशी धरून हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर तो भोक पडलेला आहे. त्याला डाग द्यायला कुणी सोल्डरिंगचा गन घेऊन आला तर हात जोडून परत पाठवा, आत पेट्रोलची वाफ असते. नवा फ्लोट घ्या. आणि पेट्रोलचा काटा आणि टेम्परेचरचा काटा दोन्ही एकदमच बिघडले असतील तर टाकीकडे जाऊच नका, खूप जुन्या गाड्यांत मीटरच्या मागे एक व्होल्टेज स्टॅबिलायझर असतो, तो किंवा मीटरचाच अर्थ बघा.

शेवटी युनिट काढायचंच ठरलं तर टाकी जवळपास रिकामी असताना काढा, बॅटरीची निगेटिव्ह तार आधी सोडवा, आणि बंद गॅरेजमध्ये हे काम नको म्हणजे नको. पेट्रोल उणे 43 डिग्रीच्या आसपासही पेट घेण्याइतकी वाफ सोडतं, आणि ती वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरून राहते. वायर ओढून लोंबकळवलेला 100 वॅटचा बल्ब घेऊन टाकीत डोकावणारे मी पाहिलेत, देवच राखतो त्यांना.

बाहेर आलेल्या युनिटला मल्टिमीटर (ओहम मोजायचं यंत्र) लावून दांडी हळूहळू वर-खाली करा. आकडा सलग बदलायला हवा, मध्येच उडी मारली किंवा गायब झाला तर पट्टी झिजलीय. नुसता काळपट चिकटा असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने निघतो, सँडपेपर इथे लावू नका, पट्टीच निघून जाईल. सीएनजी बसवलेल्या जुन्या गाड्यांत हा चिकटा हमखास, कारण पेट्रोल महिनोन्महिने तसंच पडून राहतं. दुसऱ्या मॉडेलचं युनिट "बसतंय ना" म्हणून घेऊ नका, भोकं जुळली तरी ओहम जुळत नाहीत. बसवताना गॅस्केट, म्हणजे युनिट आणि टाकी यांच्यामधली रबरी चकती, नवीनच घ्या, जुनं फुगलेलं असतं, आणि आता पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल येतं ते जुन्या रबराला मानवत नाही. बाथरूमचं सिलिकॉन लावून भागवणाऱ्यांच्या गाडीत पंधरा दिवसांत पेट्रोलचा वास येतो.

आम्ही शेवटी नवीन युनिट टाकलं आणि रिकाम्या टाकीत 5-5 लिटर ओतत प्रत्येक वेळी काटा कुठे आला ते बाबांनी कागदावर लिहिलं. 5 लिटरला काटा लाल रेघेच्या जरासा वर येतो, 10 ला पावच्या पुढे, आणि वरच्या अर्ध्या भागात तो मुळातच आळशी आहे. तो कागद सनशेडच्या मागे रबर बँडने लावलाय, मेहुणा गाडी मागायला आला की बाबा आधी त्याला तो वाचायला लावतात.