सेमी-ऑटोमॅटिक रायफलचा नेम सुधारायचाय? आधी या चुका टाळा

"रायफल बरोबर मारत नाहीये." नेमबाजीच्या रेंजवर शिकवायला लागल्यापासून हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता त्यावर एकच प्रश्न विचारतो: कशावरून? मग माझ्यापुढे कागद येतो, त्यावर तीन भोकं असतात. दोन चिकटून, तिसरं लांब. तेवढ्या पुराव्यावर माणसानं नवा स्कोप, म्हणजे रायफलीवरची दुर्बीण, मागवलेला असतो, ट्रिगर बदलायचं ठरवलेलं असतं, आणि पुढच्या महिन्यात नळीसुद्धा बदलणार असतो.

तीन गोळ्यांचा ग्रुप, म्हणजे कागदावरच्या भोकांचा पसारा, काहीच सांगत नाही. तीच रायफल, तोच नेमबाज, तीच काडतुसं असली तरी दहा गोळ्यांचा ग्रुप तीन गोळ्यांच्या ग्रुपपेक्षा सरासरी दीडपटीहून थोडा मोठाच येतो. म्हणजे तिनाचा छोटा ग्रुप बघून खूश होणारा आणि मोठा बघून खचणारा, दोघंही फसतात. दहा गोळ्या मारा, तसे निदान तीन कागद करा, तारीख आणि काडतुसांचा लॉट लिहून ठेवा. आणि मग एका वेळी एकच गोष्ट बदला. ज्यानं एकाच रविवारी स्कोप, काडतुसं आणि ट्रिगर बदलले, त्याला कशानं फरक पडला हे आयुष्यात कळणार नाही. ग्रुप कोनाच्या मापात मोजतात; १०० मीटरवर एक मिनिट ऑफ अँगल (एका अंशाचा साठावा भाग) म्हणजे साधारण २९ मिलिमीटर, हा आकडा पाठ ठेवा. फॅक्टरीतून आलेली साधी सेमी-ऑटो, म्हणजे गोळी सुटली की पुढचं काडतूस आपोआप भरणारी रायफल, दहा गोळ्यांत दोन-तीन मिनिट ऑफ अँगलमध्ये राहत असेल, तर तिला नावं ठेवायचं कारण नाही.

पहिली गोळी वेगळी पडते

ही माझ्या मते सेमी-ऑटोची खास चूक आहे आणि सगळ्यात कमी ओळखली जाणारी.

एक मुलगा माझ्याकडे येत असे. हात स्थिर, श्वासावर ताबा, मेहनती. पण त्याच्या प्रत्येक कागदावर चार भोकं एका नाण्याखाली झाकतील अशी आणि पाचवं वर डावीकडे, एकटं. "सर, काडतुसंच खराब आहेत," तो म्हणाला. त्यानं तीन प्रकारची काडतुसं वापरून पाहिली. एकटं भोक कायम. मग त्याला वाटलं की आपणच दचकतोय, आणि त्या विचारानं तो खरंच दचकायला लागला. दोन महिने असे गेले.

मी त्याला म्हटलं, "आज शेजारी दुसरा कागद लाव. प्रत्येक मॅगझिनची पहिली गोळी त्या कागदावर मार, बाकीच्या चार इकडे." सहा मॅगझिन झाली. दुसऱ्या कागदावर सहा भोकं, सुरेख घट्ट, पण सगळी वर डावीकडे. काडतुसं चांगली होती, मुलगाही चांगला होता. पहिली गोळीच वेगळी जागा धरत होती.

मग मी त्याचा हात बघितला. रायफलला त्रास नको म्हणून तो बोल्ट, म्हणजे काडतूस आत ढकलून मागून बंद करणारा भाग, हातात धरून हळूच पुढे नेत होता. पहिलं काडतूस असं चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या खोबणीत, अलगद बसायचं. दुसरं, तिसरं, चौथं मात्र स्प्रिंगच्या पूर्ण जोरानं बसायचं. चेंबरमध्ये काडतूस किती आत गेलं, बोल्ट किती घट्ट बसला, यात केसाएवढा फरक पडला तरी कागदावर तो दिसतो. शिवाय हे धोक्याचंही आहे. बोल्ट पूर्ण बंद नसताना गोळी सुटली तर काडतुसाचं कवच फाटून गरम वायू नेमबाजाच्या चेहऱ्याकडे येऊ शकतो. बोल्ट पूर्ण मागे ओढायचा आणि सोडून द्यायचा. त्याला जोरात बंद होण्यासाठीच बनवलंय, त्याची काळजी करू नका.

सोडून द्यायला लागल्यावर त्याची पहिली गोळी ग्रुपच्या कडेला येऊन टेकली. पूर्ण मिसळली नाही, काही रायफलींमध्ये ती मिसळतच नाही. म्हणून काडतुसांची किंवा स्कोपची परीक्षा घेताना मी स्वतः मॅगझिनची पहिली गोळी नेहमी बाजूच्या कागदावर मारतो. एक खूण लक्षात ठेवा: दिवसाची पहिलीच गोळी भटकत असेल तर नळीतलं तेल किंवा थंड नळी बघा. प्रत्येक मॅगझिनची पहिली भटकत असेल तर बोल्ट बघा.

नळी पिशवीवर टेकवणं

नका टेकवू. टेकूच्या वाळूच्या पिशवीवर रायफलीचा पुढचा लाकडी किंवा प्लॅस्टिकचा भाग ठेवायचा, दर वेळी त्याच जागी. गोळी सुटताना नळी थरथरते, तिला टेकू मिळाला की गोळीची जागा बदलते. एआर जातीच्या (एम-१६ सारख्या) रायफलीत हँडगार्ड, म्हणजे नळीभोवतीचं पुढच्या हाताचं आवरण, नळीला चिकटलेला असेल तर पट्टा ताणल्यानंसुद्धा निशाण सरकतं. त्यावर नळीला कुठेही न स्पर्श करणारा हँडगार्ड हा खरा उपाय आहे, आणि या एका खर्चाला मी कधी नाही म्हणत नाही.

स्कोपचे स्क्रू: तेल पुसून, टॉर्क मोजणाऱ्या पान्यानं. अंदाजानं पिळू नका.

गाल: दर वेळी दस्त्यावर एकाच जागी. नाहीतर पॅरॅलॅक्समुळे, म्हणजे डोळा सरकला की निशाण सरकल्यासारखं दिसण्यामुळे, स्कोपमधलं क्रॉसहेअर (फुलीचं निशाण) खोटं सांगतं.

तापलेली नळी: हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर थांबा. सेमी-ऑटोत गोळ्या पटापट सुटतात म्हणून पटापट मारायच्या असं कुणी सांगितलंय?

नळी तोंडाकडून साफ करणं

याबद्दल मला मनापासून सांगायचंय, कारण मी यात एक चांगली रायफल जवळजवळ गमावली होती.

बोल्ट-ॲक्शनमध्ये, म्हणजे दर गोळीला बोल्ट हातानं मागे-पुढे करायच्या रायफलीत, बोल्ट काढला की मागून रॉड घालता येतो. बऱ्याच सेमी-ऑटोत मागचा भाग बंद असतो. १९३६ साली अमेरिकी सैन्यानं स्वीकारलेली एम-१ गॅरंड अशीच, आणि १९६४ पासून बनत असलेली रुगर १०/२२ सुद्धा अशीच. मग लोक नळीच्या तोंडाकडून, म्हणजे गोळी बाहेर पडते त्या टोकाकडून, रॉड घालतात. मीही घालत होतो. पॉइंट टू-टूची (.२२ इंच व्यासाच्या छोट्या गोळीची) रायफल, जोडाजोडीचा स्टीलचा रॉड, आणि रेंजवरून आल्यावर रोज न चुकता सफाई. मला वाटायचं मी तिची उत्तम निगा राखतोय. दोन वर्षांत ग्रुप हळूहळू पसरला. मी काडतुसं बदलली, स्कोप उतरवून परत चढवला. शेवटी एका जुन्या कारागिरानं तिच्या तोंडाच्या आतल्या कडेवरून कापसाचा बोळा फिरवला. एका बाजूला धागे अडकले. तिथे कडा झिजून खरखरीत झाली होती.

ही कडा, म्हणजे क्राउन, गोळीला शेवटचा स्पर्श करते. गोळी बाहेर पडते त्या क्षणी मागचा वायू चहूबाजूंनी एकसारखा निसटायला हवा. कडा एका बाजूला झिजली की वायू तिथून आधी निसटतो, गोळीच्या बुडाला ढकलतो आणि ती तिरपी निघते. कारागिरानं लेथवर नवी कडा कापली, नळी थोडीशी आखूड झाली आणि ग्रुप परत आला.

आता मी प्लॅस्टिकचा थर असलेली लवचिक केबल चेंबरकडून घालतो आणि तोंडाकडून ओढून काढतो. तोंडाकडून रॉड घालण्यावाचून इलाजच नसेल तर तोंडावर बसणारा गाइड लावा, म्हणजे रॉड कडेला घासणार नाही. आणि पॉइंट टू-टूची नळी रोज साफ करायची गरजच नसते. शिशाच्या गोळ्यांचं मेण नळीत बसतं, ते खरवडून काढलं की पुढच्या दहा-पंधरा गोळ्या परत भटकतात. ग्रुप पसरला की साफ करा. बोल्टचं तोंड आणि चेंबर मात्र दर वेळी पुसा.

ट्रिगरला कानस

ट्रिगर जड लागतो म्हणून घरी कानस लावणाऱ्यांना मी रेंजवर उभं करत नाही. आतल्या भागांवरचा कडक थर फार पातळ असतो. तो गेला की सेमी-ऑटो एका दाबात दोन गोळ्या सोडू शकते, किंवा बोल्ट बंद होताच सुटू शकते. चांगला तयार ट्रिगर घ्या आणि जाणकाराकडून बसवून घ्या. सहा महिने जड ट्रिगरवर काढलेत तरी चालेल, बोट शिकतं.

गोळी आणि नळीचं जुळत नाही

नळीतल्या खाचांचा पीळ आणि गोळीची लांबी यांचं नातं असतं. अमेरिकी सैन्याच्या एम-१६ए१ रायफलीत पीळ १२ इंचांत एक फेरा होता, ५५ ग्रेनच्या गोळीसाठी (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप). पुढे ६२ ग्रेनची लांब गोळी आली तेव्हा एम-१६ए२ मध्ये तो ७ इंचांत एक केला. १२ इंची पिळाच्या नळीत ७७ ग्रेनची गोळी घातलीत तर ती हवेत डोलते आणि कागदावर गोल भोकाऐवजी लांबट भोक पडतं. नळीवर बहुतेकदा पिळाचा आकडा कोरलेला असतो, तो वाचून मग खोका विकत घ्या. पॉइंट टू-टूत वेगाचा मोह टाळा. ३८० मीटर प्रति सेकंदाच्या आसपास निघालेली गोळी वाटेत आवाजाच्या वेगाखाली येताना डळमळते. ५० मीटरच्या कागदासाठी मुळातच आवाजापेक्षा संथ असलेली स्टँडर्ड काडतुसं घ्या.

आणि दचकणं

सेमी-ऑटोत गोळी सुटली की लगेच बोल्ट मागे धावतो, कवच उडतं, पुढचं काडतूस वर येतं. एवढी हालचाल डोळ्यासमोर होते म्हणून माणूस आधीच सैल पडतो किंवा आवळतो. जोडीदाराला मॅगझिन भरायला द्या आणि मधेच एक-दोन डमी काडतुसं घालायला सांगा. कुठे घातली ते तुम्हाला कळता कामा नये. डमीवर नुसता टक आवाज होतो, आणि त्या क्षणी नळीचं तोंड खाली झुकलं तर ते सगळ्यांना दिसतं. गोळी सुटल्यावरही ट्रिगर मागेच दाबून ठेवा, क्रॉसहेअर परत कुठे बसतंय ते बघा आणि मग बोट सोडा. डमीवर तोंड हललं नाही, असं सलग पाच मॅगझिन झालं की दहा गोळ्यांचा नवा कागद लावा.