रक्ताचा रिपोर्ट वाचताना: ठळक आकड्याआधी काय बघायचं

रिपोर्ट हातात पडला की नजर आधी ठळक छापलेल्या, म्हणजे रेंजबाहेरच्या, आकड्यांवर जाते. ती तिथून उचला आणि कागदाच्या माथ्यावर न्या. नाव, वय, स्त्री की पुरुष, रक्त कधी घेतलं, लॅबला कधी पोचलं, हे आधी बघायचं. वय किंवा लिंग चुकीचं पडलं असेल तर समोर छापलेली रेंजही दुसऱ्याच माणसाची असते. पुरुषांचं हिमोग्लोबिन साधारण १३ ते १७, बायकांचं १२ ते १५. गरोदरपणात ११ पर्यंत चालतं.

वेळेचा रकाना कुणी वाचत नाही, आणि सोलापुरात तोच वाचायला हवा. मे महिन्यात पारा ४२-४३ वर असताना होम कलेक्शनची पेटी दुचाकीवर फिरत असते. अक्कलकोट-मंगळवेढ्याकडून सकाळी निघालेलं सॅम्पल लॅबला दुपारी पोचलं असेल तर दोन आकडे आधी तपासा: शुगर आणि पोटॅशियम. नळीतल्या पेशी रक्त काढल्यावरही साखर खात राहतात. शुगर तासाला ५ ते ७ टक्के उतरते, उन्हात त्याहून जास्त. म्हणून शुगरचं रक्त करड्या टोपणाच्या नळीत घेतात; तिच्यातलं फ्लोराइड हे थांबवतं, पण पुरतं थांबायला तास-दोन तास जातात. पोटॅशियमचं उलटं. त्याचा साठा लाल पेशींच्या आत असतो. नळी हिसकली, सुई बारीक पडली किंवा मूठ उघडझाक करायला लावली, तर ३.५ ते ५.१ मध्ये असणारं पोटॅशियम ५.८ दिसू शकतं. नळी थेट बर्फावर ठेवली तरी तेच होतं. रिपोर्टाच्या तळाशी ‘हिमोलाइज्ड सॅम्पल’, म्हणजे लाल पेशी फुटलेलं रक्त, असा शेरा असेल तर तो आकडा सोडून द्या आणि रक्त पुन्हा द्या.

उपाशीपोटी म्हणजे ८ ते १२ तास. पाणी चालतं, किंबहुना प्यावंच. बिनसाखरेचा दुधाचा चहा चालत नाही. जेवणानंतरच्या शुगरचे दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही. आणि त्या दिवशी रोजचंच जेवा. एरवी दोन भाकऱ्या नि शेंगाचटणी खाणारा माणूस तपासणीच्या दिवशी अर्ध्या भाकरीवर उठला, तर रिपोर्ट छान येतो आणि औषधाचा डोस चुकतो.

आता एकक. प्लेटलेट १.८, १८० आणि १,८०,००० हे तिन्ही एकच आहेत. पहिला लाखात, दुसरा हजारात. आखातातून आलेल्या नातेवाइकाच्या रिपोर्टावर शुगर ६.१ असेल तर घाबरू नका, तिथलं एकक वेगळं असतं; १८ ने गुणा: ११० येते. क्रिएटिनिन ९७ दिसलं तर ८८.४ ने भागा: १.१. डी जीवनसत्त्व तिथे ५० असेल तर ते आपल्याकडचं २० असतं.

रेंज म्हणजे काय, हे एकदा नीट समजलं की निम्मी धास्ती जाते. निरोगी माणसं घेतात, निदान १२० तरी, त्यांचे आकडे उतरत्या क्रमाने मांडतात आणि वरचे अडीच टक्के, खालचे अडीच टक्के सोडून मधले ९५ टक्के धरतात. म्हणजे दर २० धडधाकट माणसांत एक जण रेंजबाहेर असणारच. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या एकाच निरोगी माणसाच्या केल्या, तर निदान एक तरी आकडा ठळक छापून येण्याची शक्यता ६४ टक्के. ७०-७० तपासण्यांच्या ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये एकही ठळक आकडा आला नाही तर नवल वाटायला हवं.

पण सगळ्या रेंजा अशा बनत नाहीत. शुगर, एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी) आणि कोलेस्टेरॉल यांच्यासमोर छापलेल्या असतात त्या उपचाराच्या हद्दी. उपाशीपोटी १०० च्या खाली ठीक, १२६ पासून मधुमेह. तीन महिन्यांची सरासरी ५.७ च्या खाली ठीक, ६.५ पासून मधुमेह. त्रास काही नसेल तर निदान एका आकड्यावर करत नाहीत, तपासणी पुन्हा करतात. एलडीएलसमोर, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉलसमोर, ‘१०० पेक्षा कमी’ छापलेलं असतं, पण हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाचं ९५ ठळक नसलं तरी जास्तच. त्याला ७० च्याही खाली आणायचं असतं. शिवाय बऱ्याच लॅब एलडीएल मोजत नाहीत, वजाबाकीने काढतात: एकूण कोलेस्टेरॉल २१०, त्यातून एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) ४० वजा, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) १८० चा पाचवा भाग ३६ वजा, राहिले १३४. ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे गणित मोडतं. तेव्हा ‘डायरेक्ट एलडीएल’ मागा.

सगळ्यात जास्त फसवतं ते क्रिएटिनिन. ते स्नायूंतून तयार होतं आणि किडनीतून बाहेर जातं, म्हणून एकच आकडा दोन माणसांत दोन अर्थ सांगतो. १.२ घ्या. पंचविशीच्या तरुणाला या १.२ वर ई-जीएफआर (किडनी रक्त किती वेगाने गाळते त्याचा अंदाज) ८६ च्या आसपास येतो, म्हणजे किडनी ठीक. सत्तरीच्या बाईला त्याच १.२ वर ४९ येतो. एखाद्या लॅबच्या सरसकट ‘०.६ ते १.३’ मध्ये दोघंही बसतात, ठळक काहीच छापलं जात नाही, आणि आजीच्या गुडघ्यांसाठी किडनीला जड जाणारी पेनकिलर चालूच राहते. ई-जीएफआर छापला नसेल तर मागून घ्या. तो ६० च्या खाली तीन महिने टिकला, तर किडनीचा जुनाट आजार धरतात. आणि क्रिएटिनिन १.० चं १.१ झालं, तर ते काहीच नाही. मशीन आणि शरीर दोन्ही तेवढे हलतात.

उन्हाळ्यात यंत्रमागाच्या शेडमध्ये दिवसभर उभं राहणाऱ्याचा युरिया वाढून ५२ आणि क्रिएटिनिन मात्र ठीक, १.० आलं, तर बहुतेक वेळा पाणी कमी पडलेलं असतं. भरपूर पाणी पिऊन दोन-चार दिवसांनी पुन्हा तपासा. तालमीत आदल्या दिवशी कस काढलेल्याचं एसजीओटी (लिव्हरच्या तपासणीतला एक आकडा) वाढलेलं दिसतं, कारण ते लिव्हरप्रमाणेच स्नायूंतही असतं. सीपीके, म्हणजे स्नायूंचं एन्झाइम, सोबत बघितलं की उलगडा होतो.

हिमोग्लोबिन कमी आलं की लोहाच्या गोळ्या सुरू करण्याची आपल्याकडे घाई असते. त्याआधी खालच्या दोन ओळी वाचा, एमसीव्ही (लाल पेशीचा आकार) आणि आरबीसी (लाल पेशींची संख्या), आणि पहिल्याला दुसऱ्याने भागा. हिमोग्लोबिन १०.८, एमसीव्ही ७२, आरबीसी ४.० असेल तर उत्तर १८: लोहाची कमतरता संभवते, फेरिटिन (शरीरातल्या लोहाच्या साठ्याची तपासणी) करून खात्री करा. हिमोग्लोबिन तेच, पण एमसीव्ही ६४ आणि आरबीसी ५.६ असेल तर उत्तर ११.४. तेरापेक्षा कमी आलं की थॅलेसेमिया मायनरची, म्हणजे हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक दोषाची, शंका घ्यायची आणि एचबी इलेक्ट्रोफोरेसिस करायचं. अशा माणसाला वर्षभर लोह दिलं तरी आकडा जागचा हलत नाही, आणि जोडीदारही तसाच निघाला तर मुलांना गंभीर थॅलेसेमिया होण्याचा प्रश्न येतो. फेरिटिन तापात, संसर्गात खोटं वाढतं. ताप असताना ते ‘नॉर्मल’ आलं म्हणून लोह पुरेसं आहे असं नाही. लोहाच्या कमतरतेत एचबीएवनसीही खऱ्यापेक्षा थोडं जास्त दिसतं. हिमोग्लोबिन आणि एचबीएवनसी दोन्ही ठळक असतील तर हे डॉक्टरांच्या कानावर घालाच.

पावसाळा सरता सरता डेंग्यूचे रिपोर्ट येतात आणि घरातले सगळे प्लेटलेटवर डोळे लावून बसतात. अचानक ४०,००० आले आणि माणूस मात्र बरा दिसतोय, अंगावर एक ठिपका नाही, तर ‘स्मिअरवर (काचपट्टीवर पसरलेल्या रक्तात) हाताने मोजून द्या’ म्हणा. जांभळ्या टोपणाच्या नळीतल्या ईडीटीए या रक्त गोठू न देणाऱ्या रसायनामुळे काहींच्या प्लेटलेट एकमेकींना चिकटतात, आणि मशीनला एक गठ्ठा म्हणजे एकच मोठी पेशी वाटते. निळ्या टोपणाच्या सायट्रेट नळीत रक्त घेऊन आलेल्या आकड्याला १.१ ने गुणलं की खरी संख्या कळते. खऱ्या डेंग्यूत प्लेटलेटइतकंच पीसीव्हीकडे (रक्तातल्या लाल पेशींचा टक्का) बघा: आधीच्यापेक्षा पाचव्या हिश्श्याने चढला, म्हणजे ४० चा ४८ झाला, तर रक्तातलं पाणी बाहेर पाझरतंय. त्यात पोट दुखत असेल किंवा उलट्या थांबत नसतील, तर घरी थांबायचं नाही.

थायरॉइडसाठी एवढंच: गोळीचा डोस बदलल्यावर सहा आठवड्यांच्या आत टीएसएच (थायरॉइडला चालवणारं हार्मोन) करू नका, आकडा स्थिरावलेला नसतो. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या चालू असतील तर दोन-तीन दिवस आधी थांबवा. बऱ्याच मशीनवर त्या टीएसएच खोटं कमी दाखवतात.

जुने रिपोर्ट तारखेप्रमाणे एकाच फायलीत लावा आणि जमेल तेवढं एकाच लॅबला जा. मशीन आणि किट बदललं की रेंजही बदलते. तेव्हा दोन लॅबच्या आकड्यांची वजाबाकी करण्यात अर्थ नसतो. एनएबीएल या लॅबना मान्यता देणाऱ्या संस्थेचं चिन्ह असलं तरी ती मान्यता तपासणीनिहाय असते. तुमची तपासणी त्यात आहे का, विचारा.

आता न थांबण्याचे आकडे. पोटॅशियम ६ च्या वर, सोडियम १२० च्या खाली, शुगर ५० च्या खाली, हिमोग्लोबिन ७ च्या खाली, प्लेटलेट २०,००० च्या खाली. असा आकडा आला की लॅबने स्वतः फोन करणं अपेक्षित असतं, म्हणून फॉर्मवर चालू असलेलाच नंबर लिहा. रविवार असो की रात्र, सिव्हिलच्या किंवा जवळच्या दवाखान्याच्या इमर्जन्सीत जा. रक्त पुन्हा द्यायचं की नाही, ते तिथे ठरेल.